पार्वताकाकूचा दगड

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिनं त्या पाण्याचा चहासुद्धा केला नसता — आणि आम्ही इतकी वर्षं तेच पाणी पीत आलो. तुम्ही माझे कोणी लागत नाही. म्हणूनच कदाचित तुमच्यापुढं तोंड उघडतंय.

आमचं गाव चाकूरच्या पुढं. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. बसवून मातीत ठेवतात, ज्याच्या त्याच्या रानात. वर एक दगड, दगडाला विभूती. शेजारच्या संगप्पाकाकांचं रान म्हणजे नुसता कातळ. त्यांची बायको, पार्वताकाकू, गेली तेव्हा खड्डा खांदायला जागा मिळेना. माझ्या वडिलांनी आमच्या रानातला कडुलिंबाखालचा कोपरा दिला. म्हणाले, "संगप्पा, ती हितं राहील. कुणी हात लावणार न्हाई." काकूनं मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. तिच्या खड्ड्यात मूठभर माती मीही टाकली. पुढच्या वर्षी वडील गेले आणि त्यांचा शब्द माझ्याकडं आला.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. सरकारी कागदासाठी उस्मानाबादची खेप वाचली म्हणून लोक खुशीत होते — आणि वर आभाळ कोरडं. मी दोन एकर द्राक्षं लावलेली. लातूरचा एक व्यापारी बाग बघून गेला. म्हणाला, "बाग जगवा, बसवराज. माल विमानानं दुबईला जाईल. तुमच्या भागातला पहिला." पहिला! हा शब्द माझ्या डोक्यात शिरला तो निघेना. मला कसली नड होती? घरात ज्वारी होती, अंगावर कपडा होता. मला नुसतं नाव पाहिजे होतं.

चैत्रात विहिरीनं तळ दाखवला. मी पाणाड्या बोलावला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर फिरला. नारळ हलेना. शेवटी लिंबाखाली आला आणि — मी डोळ्यांनी बघितलं — नारळ हळूच उभा राहिला. काकूच्या दगडाला खेटून. पाणाड्यानं दगडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि नारळ काखेत मारून निघून गेला.

संगप्पाकाका तेव्हा गावात नव्हते. प्यायला पाणी नाही म्हणून मुलीकडं, उदगीरला गेलेले. डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस आवाजावरून ओळखायचे. हे सगळं मी हिशोबात धरलं. कसं न धरू? धरलंच. एका टळटळीत दुपारी, सगळं गाव दारं लावून पडलेलं असताना, मी पहारीनं तो दगड उचकटला. छातीशी धरून चाळीस पावलं चाललो आणि ओढ्याकडच्या बाभळीखाली पुरला. विभूतीसुद्धा लावली — मीच. दुसऱ्याच्या रानातला दगड नेमका कुठं होता, हे गावात कुणी ध्यानात ठेवत नाही. त्या दुपारी एक पाखरू बोललं नाही. दगड उन्हात तापायला पाहिजे होता. तो गार होता.

मग लिंब तोडला. बोरची गाडी आली. आधी पांढरी भुकटी उडाली, मग चिखलाचा राडा यायला लागला. त्या राड्यात हिरव्या बांगडीचा एक तुकडा होता. काकू सवाष्ण गेली होती ना — हात भरून बांगड्या. मी तुकड्यावर पाय ठेवला आणि पाणी लागेपर्यंत उचलला नाही.

पाणी मात्र लागलं. असं लागलं की आजूबाजूचे सगळे बोर आटले तरी हा आटला नाही. मोटार सुरू केली की पाण्याच्या आधी पाइपातून एक आवाज यायचा, कुणीतरी घसा खाकरल्यासारखा. हवा असते ती. कुणालाही विचारा, हवाच असते. तरी मी मोटार चालू करून लांब जाऊन उभा राहायचो.

श्रावणात काका परत आले. सोमवारी दगडाला पाणी घालायचा त्यांचा नेम. मी हात धरून त्यांना बाभळीखाली नेलं. ते बसले, माती चाचपली, बोटाला बाभळीचा काटा लागला.

"बसू, लिंबाची सावली कुठं गेली रे?"

"वाळला, काका. तोडला."

"आन् ही बाभळ?"

"पहिल्यापासून हाय की. तुम्ही इसरलाव."

त्यांनी मुठीतली माती खाली सोडली. म्हणाले, "हाव. इसरलो आसंन." एका आंधळ्या माणसाला मी त्याच्याच आठवणीत खोटं पाडलं. दगड हलवण्यापेक्षा हे वाईट, असं मला वाटतं. तुम्हाला?

नंतर दर सोमवारी ते यायचे. तांब्या माझ्याच बोरवर भरायचे. एकदा दगडाला पाणी घालून उरलेला घोट प्याले आणि थांबले. "बसू, हितं बसलं की ती बोलंना झालीय," म्हणाले. "पर तुझ्या बोरपाशी आलं की वाटतं, ती हितंच कुठंतरी हाय. लई येडा झालो म्या." आणि हसले. मीही हसलो.

माघात घड तयार झाले. तसे घड मी पुन्हा पाहिले नाहीत — मणी इतके नितळ की उन्हात धरला तर आतलं दिसायचं. मण्यावरची पांढरी भुकटी पुसली तर परदेशचा माल नापास, म्हणून बाया देठाला धरून कातरायच्या. ती भुकटी बघून मला विभूती आठवायची. मी एकही मणी तोंडात टाकला नाही. पेट्या भरल्या, गाडी लातूरहून मुंबईला गेली, तिथून माल दुबईला. पंचायतीत माझा हार घालून सत्कार झाला. काका पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

ते गेले तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. "मला तिच्या शेजारी ठिव. बाकी काय नगं." सांगायची तीच वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, दार पुढं ओढलेलं होतं. काय अडलं होतं माझं? बाग? नाव? सगळं मिळून चुकलं होतं. मी म्हणालो, "हाव काका."

दुसऱ्या दिवशी खांदणारे बाभळीखाली उभे राहिले. एकानं विचारलं, "काकूच्या कोन्त्या अंगाला?"

मी म्हणालो, "उजव्या."

माती पहारीला दाद देत नव्हती. तिथं कधी कुणी खांदलंच नव्हतं. खांदणाऱ्यानं दोनदा माझ्याकडं बघितलं. मी खड्ड्याकडं बघत राहिलो. काकांना बसवलं, माती लोटली. मग उदगीरची त्यांची मुलगी, महादेवी, पुढं आली आणि माझ्या पाया पडली.

"दादा," ती म्हणाली, "माझ्या मायची जागा तुम्ही राखलाव."

मी तिला उठवलं. म्हणालो, "राखणारच की."