उशिरा सुटलेल्या तीन गोळ्या

'१४ नोव्हेंबर १९९७, शुक्रवार. हे पहाटे पाचला रेंजवर गेले, अकराला परत. वीसपैकी तीन गोळ्या उशिरा सुटल्या. भात तसाच राहिला.'

एवढं लिहून विद्युल्लताबाईंनी पेन ठेवलं. बाहेरच्या खोलीत देवदत्तचा आवाज चढत होता. तो अरबाबांच्या, म्हणजे अरब मालकांच्या, कंपनीचा मॅनेजर, वयाने बाईंच्या मुलासारखा.

बाईंचे यजमान अंबादास यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काडतुसं तपासली होती. निवृत्तीनंतर ते शारजाला आले ते अरबाबांच्या शिकारीच्या बंदुका सांभाळायला. अरबाब शिकारीसाठी टांझानियाला निघण्याआधी नव्या लॉटमधली वीस काडतुसं अरबाबांच्याच रायफलीतून झाडून पाहायची, हा अंबादासांचा शिरस्ता. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी निशाण्याकडेच धरून तीस आकडे मोजायचे. आज तीन वेळा त्यांनी 'एक' म्हटलं आणि मग बार झाला. समोर रानरेडा धावून येत असता, तर तेवढा उशीर जिवावर बेतला असता.

"काका, सोमवारी फ्लाइट आहे. नवा लॉट कुठून आणू? ओके लिहा, खलास."

"नाही लिहिणार."

"मग अरबाबना सांगावं लागेल, काकांनी माल नीट ठेवला नाही. वय झालं की होतं असं."

 भांडणं अंबादासांना कधी जमलंच नाही. विद्युल्लताबाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. रोज लिहायची सवय त्यांना कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावली होती. त्यांनी डायरीची पानं मागे उलटली आणि बाहेर येऊन वाचायला सुरुवात केली.

"एकोणीस ऑगस्ट. काडतुसांच्या गोदामाचा एसी बंद. यांनी देवदत्तला फोन केला. बावीस ऑगस्ट. पुन्हा फोन. 'बघतो' म्हणाला. तीस ऑगस्ट. एसी सुरू." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "औद्योगिक क्षेत्रातलं पत्र्याचं गोदाम, ऑगस्ट महिना, अकरा दिवस. एवढ्या उकाड्यात काडतुसं बिघडणारच. वय कुणाचं झालं रे?"

"काकू, ही घरची डायरी. यात भाजीसुद्धा लिहिली असेल."

"लिहिली आहे. एकोणीसला दुधी होता. चल, अरबाबना दुधीसकट वाचून दाखवते."

आणि दाखवलंही. अरबाबांच्या दिवाणखान्यात उभ्यानेच, हिंदीत करून, एकेक तारीख.

"सच है?" अरबाबांनी देवदत्तला विचारलं.

"जी," देवदत्त बुटांकडे पाहत म्हणाला.

अरबाबांनी तो लॉट बाद केला. नवा येईल, अंबादास तो तपासतील, तोवर शिकार पुढे ढकलायची, इन्शाल्ला. देवदत्तला मात्र कुणी एक शब्द बोललं नाही. अंबादासांची माफी माग, असंही नाही. उलट लिफ्टमध्ये तोच म्हणाला, "काकू, आपल्यातलं भांडण उगाच बाहेर नेलंत."

 घरी ओट्यावर त्याच्या बायकोने दिवाळीच्या फराळाचा पाठवलेला स्टीलचा डबा पडून होता. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाचं भांडं चिमूटभर साखर घातल्याशिवाय परत केलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं : 'देवदत्तकडचा डबा घासून परत पाठवला. रिकामा.'