नजरेवर लावलेला करंट

बोरिवलीत आमच्या सोसायटीच्या गेटजवळ टेबल टाकून एक काका एलईडी लाइट दुरुस्त करतात. लाइटच्या सप्लायमधला बारीक स्क्रू फिरवून करंट कमी करायचे. म्हणायचे, "उजेड जरा कमी, पण टिकेल." मीटर कधीच लावला नाही, सगळं नजरेवर.

हल्ली मात्र त्यांनी दिलेले लाइट महिन्याभरात जळायला लागले. भडकून मी भांडायलाच गेलो. त्यांनी माझ्यासमोर स्क्रू फिरवला. उजेड इतका वाढला की मी डोळ्यांवर हात धरला. ते पापणीही न हलवता थेट लाइटकडे बघत होते.

"अजून मंदच आहे ना, साहेब?"

मी आवाज खाली आणला. "काका, डोळे दाखवलेत का?"

"दाखवले. उशीर केलात, म्हणाले डॉक्टर." त्यांनी स्क्रू आणखी फिरवला. "आता बघा. आता पडला ना उजेड?"