बाइंडरांच्या हातचे

बाइंडरांनी बांधलेल्या एकाही पुस्तकाला चाळीस वर्षांत कसर लागली नव्हती. याचे श्रेय ते आपल्या खळीला देत. खळ शिजत आली की तीत किडीसाठी मोरचूद पडे, आणि मग ती कागदावर ब्रशने नव्हे, बोटांनी लावली जाई. कागदाला माणसाचा हात कळतो, असे त्यांचे ठाम मत होते.

हेच मत त्यांनी कुत्र्यालाही लागू केले. कुत्रा त्यांच्या दिवंगत मित्राचा. मित्राच्या मुलीने तो सोमवारी दुकानात आणून सोडला. "काका, रविवारपर्यंत खाल्लं नाही, तर मी त्याला प्राण्यांच्या निवाऱ्यात नेईन. तिथे सलाइन तरी लावतात."

बाइंडरांनी मित्राला त्याच्या अखेरच्या दिवसांत कुत्र्याला सांभाळण्याचा शब्द दिला होता. त्यामुळे हा रविवार त्यांना परीक्षेच्या निकालासारखा भेडसावू लागला.

त्यांनी पाव दुधात कुस्करला. कुत्र्याने वास घेऊन तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी अंडे कुस्करले, तीच गत. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "तब्येत ठणठणीत आहे. दुःख असेल." दुःखावर उपाय माया, म्हणून बाइंडर अधिकच मन लावून कुस्करू लागले आणि घास करून त्याच्या तोंडाशी धरू लागले. माया करणाऱ्याला खोट आपल्या बाजूला असेल अशी शंका सहसा शिवत नाही.

"बाबा रे, मलाही त्याची आठवण येते," ते कुत्र्याला समजावत, "पण मी जेवतो की नाही?"

शनिवारी त्यांची बायको जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली आणि दारातच थबकली.

"अहो! त्या हातांनी कालवताय?"

"साबणाने दोनदा धुतलेत."

"तीस वर्षं तुम्हाला पिठाला हात लावू दिला नाही, ते काय लाड म्हणून?"

"मग कशासाठी?"

"लग्न झाल्यावर एकदा हौसेने पीठ मळून दिलंत. आई पहिला घास घेऊन म्हणाली, जावईबापू घरात औषधं कुटतात की काय? तुमच्या नखांत मुरलाय त्या मोरचुदाचा कडूपणा. तुमची जीभ सरावलीय, बाकीच्यांनी काय करायचं?"

"मग तेव्हाच सांगायचंस!"

"एवढ्या कौतुकाने मळलं होतंत. सांगवेना."

तिने डबा उघडला. बाइंडर सवयीने पुढे सरसावले.

"हात मागे!"

ते हात पाठीशी बांधून उभे राहिले. तिने चमच्याने ताटलीत थोडे वाढले. कुत्र्याने हुंगले, क्षणभर विचार केला आणि ताटली चाटूनपुसून साफ केली. मग डब्याचा दुसरा कप्पा, मग तिसरा. बाइंडरांचे त्या दिवशीचे जेवण असे संपले. त्यांना आनंद झाला आणि अपमानही वाटला. दोहोंपैकी जास्त काय, हे त्यांनी बायकोला कळू दिले नाही.

रविवारी मित्राची मुलगी आली, तेव्हा कुत्रा ताटलीत तोंड घालून बसला होता.

"काका, काय जादू केलीत?"

"मी?" बाइंडर प्रामाणिकपणे म्हणाले, "मी हातही लावला नाही."

मुलगी हसली आणि निवाऱ्याला नको म्हणून कळवायला तिने तिथूनच फोन लावला.