नाकारलेला डाव

लोहाऱ्याहून सास्तूरकडे जाणाऱ्या एसटीत शेजारच्या बाई मोबाईलवर बुद्धिबळाची कोडी सोडवत होत्या. विचार करताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मध्येच एका अनोळखी परदेशी खेळाडूचं आव्हान आलं. "माफ करा, आत्ता जमणार नाही," असं लिहून त्यांनी नकार दिला. लगेच त्याचा प्रश्न आला, "घाबरलात?"

मलाच राग आला. "खेळा की, दाखवा त्याला!"

"सास्तूर आलंच," त्या हसल्या. "डाव अर्धा टाकून उठायचं म्हंजी समोरच्याचा अपमान. आन् भ्याले न्हाय, हे त्याला कशाला पटवू? मला ठाऊक हाय की."

फोन पिशवीत टाकून त्या सावकाश उतरल्या.

"कोण होत्या?" मागच्या आजोबांनी विचारलं.

"आमच्याकडच्या," मी ऐटीत सांगितलं. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.