शरणप्पाच्या मागं

खातूनबी मन्यारणीला कुणी पत्ता विचारला की ती म्हणते, "शरणप्पाच्या मागं." शरणप्पा म्हणजे आमचे अप्पा. मुरुडात आमचं किराणा दुकान, दुकानामागं घर आणि घरामागं खातूनबी. आमच्याकडं पाव्हणा यायचा असला की आई फोनवर सांगते, "खातूनबीच्या पुढं या." मधली भिंत दोघांची आणि वरचे पत्रे एकसलग.

ह्या पत्र्यांनीच घोटाळा केला. गावठाणाची मोजणी आली, घराघराभोवती चुना मारला, वरून ड्रोन फिरला. खातूनबी त्या दिवशी रेणापूरला बांगड्या भरायला गेली होती. चुना मारणाऱ्यांनी दोन्ही घरांभोवती एकच रेघ ओढली. अप्पा गल्ल्यावर बसून बघत होते. बोलले काहीच नाहीत.

नकाशा लागला, त्यात खातूनबीचं घरच नव्हतं. होतं ते सगळं शरणप्पाचं.

मोजणीच्या साहेबांना प्रत्येक बोलणं "सांगा बरं" म्हणून संपवायची सवय होती, आणि सांगायला तोंड उघडलं की ते दुसरीकडं बघायचे. "हरकत घ्या आजी. घरपट्टीच्या पावत्या अलीकडच्या आहेत, जुना पुरावा जोडा. पुराव्याशिवाय मी काय करणार, सांगा बरं?"

खातूनबी लातूरला रजिस्ट्री कचेरीत गेली. सासऱ्याच्या नावानं शोधायला लावलं. काही निघालं नाही, कारण इमाम मन्यारानं घर विकत घेतलंच नव्हतं. गावानं मन्यार पाहिजे म्हणून जागा दिली, त्यानं भिंती घातल्या. कागद कुणी केला नाही आणि त्यानंही मागितला नाही. ती बाकावर टेकली. शेजारी कुणाचं तरी खरेदीखत मोठ्यानं वाचणं चाललं होतं. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस तमक्याचं, उत्तरेस बोळ. चारी बाजूंचे शेजारी सांगितल्याशिवाय घर कुठलं तेच कळत नव्हतं. खातूनबी उठली. आपलं घर आपल्या कागदात नसलं तर पुढच्याच्या कागदात असणार, एवढं तिला तिथं उमगलं.

पुढचे आम्ही. अप्पांना विचारलं तर म्हणाले, "खत सापडंना गेलंय, मावशी."

त्याच महिन्यात शिवकन्याताईचं लग्न निघालं. चुड्याला लातूरहून दुसरी मन्यारीण आणू, असं अप्पा हळूच बोलले. आईनं फक्त बघितलं. खातूनबीच आली. ताईचा हिरवा चुडा भरताना चिडवत होती, "नवऱ्यासंग भांडताना हात आपटू नको गे मां, माझं नाव खराब व्हतंय." मग आईचा हात धरला. बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत आणली आणि तिथंच थांबवली.

"गौरा, खरेदीखत कुठं हाय?"

"अगं बी, आधी बांगडी तर चढव!"

"हात ढिला सोड. खत कुठं हाय?"

"दुखायलंय की!"

"मग आवळायलीस कामून?"

दुकानातनं अप्पा ओरडले, "सापडंना म्हणून सांगितलंय की, मावशी!"

"तुला न्हाई विचारलं, शरणप्पा. तुझा हात न्हाई माझ्या हातात."

इतक्या वर्षांत आईच्या हातात दुसऱ्या कुणाची बांगडी चढली नव्हती. बाळंतपणं, सण, बारशी, प्रत्येक वेळी तिचा हात ह्याच हातांनी चोळून मऊ केलेला. बाहेर मापाचा डबा वाजायचा थांबला.

"देव्हाऱ्याखाली," आई म्हणाली. "पितळी डब्यात."

बांगडी सुळकन आत गेली. बांगड्या भरून झाल्या की मन्यारणीच्या पाया पडतात. आई तेव्हाच वाकली, आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

"ऊठ. दुसरा हात ऱ्हायलाय अजून."

खत पणजोबा चन्नबसप्पांच्या नावाचं. दुमडलं होतं तिथं फाटायला आलेलं, पण अक्षर स्वच्छ: पश्चिमेस इमाम मन्यार यांचे राहते घर.

सुनावणीला ते अप्पाच घेऊन गेले. आईनं पाठवलं की आपणहून गेले, हे घरात अजून कुणी विचारलेलं नाही. साहेब वाचून म्हणाले, "हे तर तुमच्याच विरोधात जातंय, सांगा बरं?"

"जातंय तर जाऊ द्या," अप्पा म्हणाले. "घर तिचं हाय. मी त्या दिवशीच बोलायला पायजे व्हतं."

खातूनबीच्या घराचं मालमत्ता कार्ड आलं. तिनं उलटंसुलटं करून बघितलं. "ह्यात गौरा कुठंय?"

"आता शेजारी लिहीत नाहीत आजी, नंबर असतो. शेजारी कशाला पाहिजेत, सांगा बरं?"

"तुमचं ते उडतं इमान वरनं चुकलं, तवा कुणी सांगितलं?"

साहेब दुसरीकडं बघू लागले.

संध्याकाळी ती कार्ड घेऊन आमच्या ओट्यावर आली. माझ्यापुढं धरलं. "मागच्या अंगाला लिही. पूर्वेस गौरा."

"माझं नाव लिही की," अप्पा म्हणाले. "मालक मी हाय."

"तू मागनं आलास. पयलं तिनं सांगितलं."

मी पेन्सिलीनं लिहिलं. तिनं फुंकर मारली, वाळायचं काही नव्हतं तरी, आणि कार्ड बांगड्यांच्या पेटीत तळाला ठेवलं.