मिस्त्रीचा वाटा

सारसोळ्याला माझे वडील होड्या बांधायचे. नवी होडी पाण्यात उतरली की तिची पहिली मासळी आधी मिस्त्रीच्या घरी यायची, मग बाजारात जायची. कुणाला आठवण करून द्यावी लागत नसे. टोपली दारात ठेवून नाखवा म्हणायचा, "तुजी होडी बरी चालते." त्या दिवशी वडील आईवर ओरडायचे नाहीत.

मी लाकूड सोडून लोखंडाकडे वळलो. मुंबईच्या गोदीत वेल्डर झालो आणि नोकरीची शेवटची वर्षं एका विनाशिकेवर काढली. नौदलाची मोठी लढाऊ बोट. तिच्या रडारचे, क्षेपणास्त्रांचे फोटो सगळेच काढतात. माझं काम तळाच्या कप्प्यांत, उताणं पडून डोक्यावरचे सांधे भरायचं. ठिणग्या कॉलरमधून आत शिरायच्या. सांध्यांचे एक्स-रे निघायचे. खोट दिसली की घासून काढा, पुन्हा भरा. एवढ्या निगुतीनं डॉक्टरनं माझी छातीही कधी तपासली नाही.

बोट पाण्यात उतरली तेव्हा नारळ एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीनं वाढवला. मग आतलं काम, समुद्रातल्या चाचण्या, आणि एका सकाळी तिच्यावर नौदलाचा झेंडा चढला. त्या दिवसापासून आमचे पास बंद. कालपर्यंत जिथे बसून डबा खाल्ला, तिथे आज पहारेकरी हात आडवा करतो. नियमच आहे, राग कुणावर धरणार? तरी आला. घरी येऊन बायकोला म्हणालो, "हिची मासळी काही आपल्या दारात यायची नाही."

ती म्हणाली, "येईल. बोट कुठं पळून चाललीय का?"

पुढच्याच वर्षी बायको गेली. मुलगा करंजाड्याला नव्या फ्लॅटमध्ये राहतो, रविवारी जमलं तर येतो. मी टीव्हीवर बोटीची बातमी शोधत बसतो. खोटं कशाला बोलू, घर खायला उठतं.

गेल्या आठवड्यात बातम्यांत बोट दिसली. भर समुद्रात एका मालवाहू जहाजाला आग लागली होती. आमची बोट तिथे पोहोचली आणि सगळ्या खलाशांना घेऊन आली. ब्लँकेटं पांघरलेली ती माणसं तिच्या डेकवर चहा पीत होती. मी लगेच मुलाला फोन लावला.

"पाहिलं बाबा, मस्तच. मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो."

पिशवी घेऊन मासळीबाजारात गेलो. तिथे बायकोची जुनी मैत्रीण बसते. "आमच्या बोटीनं पहिली मासळी आणली," मी तिला म्हटलं.

"तुजी बोट? कवा घेतलीस?"

मग तिला सगळं सांगितलं, वडिलांच्या होड्यांपासून त्या खलाशांपर्यंत. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी तिनं मला मध्ये तोडलं नाही. दोन बोईटं साफ करून पिशवीत घातली. मी खिशात हात घातला.

"ऱ्हाऊ दे दादा. मिस्तरीच्या वाट्याचा पैसा कोन घेते?"

घरी येऊन कालवण केलं आणि मुद्दाम दोन ताटं वाढली. माझं जेवून झालं. समोरच्या ताटाकडे बघून म्हणालो, "बोट बरी चालते गं." मासळी टाकायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून थोड्या वेळानं तिचं ताटही मीच संपवलं.