चर्चेला आलेला गहू

त्या गुरुवारी जे घडले त्याला चर्चा म्हणावे की श्राद्ध, याचे उत्तर प्रस्तुत लेखकाला आजवर देता आलेले नाही. नेवेना द्र्यानोव्स्का यांना तर तो प्रश्नच पडला नव्हता. त्या दिवसांत त्यांना कुठलाच प्रश्न पडत नसे.

यांत्रा नदीकाठच्या त्या गावात विद्यापीठाची मंडळी दर गुरुवारी एका कॉफीघरात जमत आणि इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांवर गावकऱ्यांशी मोकळेपणी बोलत. नेवेनाबाई औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेल्या, त्यांचे यजमान झहारी रेल्वेतून. दोघे नेमाने जात. बाई ऐकत, झहारी भांडत. २००९च्या फेब्रुवारीत झहारी वारले. "माझ्यामागे पाद्री नको, श्राद्धाचा गहू नको, दारावर माझं थोबाड चिकटवणं नको," असे त्यांनी बजावून ठेवले होते. बाईंनी शब्द पाळला. गल्लीतल्या दारोदारी कुणा ना कुणाची काळ्या चौकटीतली, छायाचित्राची शोकपत्रिका होती. यांचे दार तेवढे कोरे राहिले. बाई जेवत, झोपत, रेडिओ लावत. रडू आले नव्हते, आणि ते येत नाही याचे दुःखही होत नव्हते.

बैठका चालवणारा तरुण अध्यापक लाचेझार याने झहारींच्या स्मरणार्थ एक गुरुवार ठरवला. विषय होता, 'आठवण कुणाच्या मालकीची?' जाहिरातीवर त्याने झहारींचे छायाचित्र टाकले आणि शोभेसाठी भोवती काळी चौकट आखली. विषय खाली, बारीक अक्षरांत. मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस, म्हणजे श्राद्धाचा दिवस, त्याच आठवड्यात येतो, हे त्याच्या गावीही नव्हते. गल्लीने चौकट पाहिली. बारीक अक्षरे वाचतो कोण?

संध्याकाळी माणसे येऊ लागली. हातांत मृतांसाठी नेतात तशी सम संख्येची फुले, अक्रोडाचा कूट पेरलेला उकडलेला गहू, घरची वाइन.

"अगं नेवेना, दारावर नाही लावलंस नि इथे लावलंस होय!" शेजारीण देंका म्हणाली. "बरं केलंस. तुझ्या खुराड्यात मावलो नसतो आम्ही."

"देंकाकाकू, अहो, आज व्याख्यान आहे," लाचेझार म्हणाला.

"मग दे की बाळा! पाद्री मिळाला नाही म्हणून तुला धरलंय वाटतं?"

हशा पिकला. लाचेझार पांढराफटक पडून बाईंकडे वळला. "बाई, चूक माझी आहे. तुम्ही सांगा, सगळ्यांना परत पाठवतो."

सगळे बाईंकडे पाहू लागले. राहू द्यावे तर झहारींना दिलेला शब्द मोडतो. परत पाठवावे तर महिनाभर जिना चढून सूप आणून देणारी गल्ली तुटते. बाईंनी दोन्ही तोलून पाहिले. कशालाच वजन लागेना. मग त्यांनी देंकाच्या हातातला चमचा घेतला.

"देव त्याला क्षमा करो," देंका पुटपुटली.

"तो देवाला करायचा नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गहू खाल्ला. गोड होता, एवढेच कळले.

मग बोलणे सुरू झाले. कुणी रिवाजाप्रमाणे थोडी वाइन जमिनीवर ओतली, तशी कॉफीघराची मालकीण ओरडली, "अहो, लाकडी जमीन आहे ती!" आठवण घरच्यांची की गल्लीची, यावर कडाक्याचा वाद झाला. झहारींच्या जागेवर एक लठ्ठ गृहस्थ बसले होते. बाईंना त्याचेही काही वाटले नाही.

नेवेनाबाई ऑक्टोबर २०१७ मध्ये वारल्या. त्यांचा चाळिसावा गल्लीने केला.